वऱ्हाडातल्या वेडेपणाची थोरवी

शहाण्यांचं कौतुक करायला आपल्याकडे संस्था आहेत, पुरस्कार आहेत, पाठ्यपुस्तकं आहेत. वेड्यांची बाजू मांडायला कोणी उभं राहत नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकात पुढे पढतमूर्खाचीही सांगितली. आपण पहिली यादी पाठ केली आणि दुसरी सोडून दिली. वऱ्हाडचा १८०३ पासूनचा इतिहास वाचणाऱ्याने दुसरी यादी आधी वाचावी. हा प्रांत शहाण्यांनी जिंकला, शहाण्यांनी तहात देऊन टाकला, शहाण्यांनी गहाण ठेवला आणि शहाण्यांनीच कायमच्या भाड्याने घेतला. तो सुटला तो हिशेब न कळणाऱ्या माणसांमुळे. म्हणून हा लेख वेडेपणाच्या स्तुतीसाठी लिहिला आहे, आणि त्यातला शब्द न् शब्द मनापासून आहे.

वेडा कोण, हे आधी ठरवून घेऊ. नावावर कागद नसताना जो एखादी गोष्ट आपली मानतो आणि तसा वागतो, तो वेडा. कागद पाहून जो वागणं ठरवतो, तो शहाणा. या व्याख्येने पाहिलं तर वऱ्हाडात शहाण्यांची कधीच टंचाई नव्हती.

सुरुवात अडगावपासून करू. आजच्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात हे गाव आहे. शिंदे-भोसल्यांची ईस्ट इंडिया कंपनीशी असईला लढाई होऊन दोन महिने झाले होते. शिंद्यांच्या वकिलाने २३ नोव्हेंबर १८०३ ला कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्याशी युद्धतहकुबी ठरवली होती. नागपूरचे भोसले तिच्यात नव्हते. तरी २९ नोव्हेंबरला शिंद्यांचं घोडदळ अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेशेजारी उभं होतं. तहकुबीही हातात आणि लढाईही समोर, अशी ती शहाणपणाची रचना होती. भोसल्यांची फौज रघूजीराजांचे भाऊ व्यंकोजी यांच्या हाताखाली होती. दिवस कलताना तोंड लागलं. भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा असईत टिकून राहिलेल्या कंपनीच्या देशी पलटणी इथे मोडल्या आणि खुद्द वेलस्लीला त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. नंतर पारडं फिरलं. मराठ्यांच्या बाजूची परदेशी पायदळाची एक मोठी तुकडी मात्र मागे हटण्याऐवजी दोन गोऱ्या पलटणींवर चालून गेली आणि तिथेच संपली. बाकीच्यांचा पाठलाग चांदण्यात चालू राहिला. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

मोडलेल्या बाजूने चाल करून जाणं हा युद्धशास्त्रात मूर्खपणा आहे. ज्यांनी ती केली ते या मातीतले नव्हते, त्यांची घरं समुद्रापलीकडे होती आणि पगार भोसल्यांचा होता. पगारासाठी कोणी असं मरत नाही. वऱ्हाडच्या जमिनीवर ज्यांनी शब्द पाळला त्या पहिल्या वेड्यांमध्ये मी त्यांची गणना करतो.

दुसरा वेडा गाविलगडावर होता. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला लागून असलेला हा किल्ला दक्षिणेकडून जवळजवळ अभेद्य. वेलस्लीने दक्षिण बाजू स्वतःकडे ठेवली आणि कर्नल स्टीव्हन्सनला डोंगरातून वळसा घालून उत्तरेला लबाड्याकडे पाठवलं. अवजड तोफा चार-पाच दिवस सैनिकांनी हातांनी ओढत नेल्या, आधी रस्ता करायचा आणि मग त्यावरून तोफ न्यायची अशा रीतीने. वऱ्हाड घ्यायला आलेल्यांची चिकाटी कमी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. १३ डिसेंबरपासून तोफा धडाडल्या, १५ डिसेंबरला तटाला भगदाड पडलं आणि फौज आत शिरली. आतला तट अजून उभा होता. कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या लावून तो चढली आणि त्यांनी दरवाजा उघडला.

गडावर अडगावहून निसटलेलं भोसल्यांचं पायदळ होतं आणि त्याचा सरदार होता बेणीसिंग. तो राजपूत, गडाचा किल्लेदारही राजपूत. दोघेही लढत मारले गेले. त्यांच्या घरच्या बायकांना शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मारण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातल्या काही जणी मेल्या. त्या बायकांना कोणी काही विचारलं होतं का, हे इतिहासात लिहिलेलं नाही. त्यांच्या मरणाला मी शौर्य म्हणणार नाही. तो त्या दिवसाचा सर्वांत मोठा अन्याय होता. वेडेपणाची स्तुती करणाऱ्याने त्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे.

आता तारीख बघा. गड पडला १५ डिसेंबरला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांनी कटक आणि बालासोर कंपनीला दिलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, कंपनीचा मित्र असलेल्या निजामाला दिला. गाविलगड आणि नरनाळा मात्र भोसल्यांकडेच राहिले. ज्या गडासाठी बेणीसिंग मेला तो दोनच दिवसांनी कागदावर त्याच्या धन्याला परत मिळाला. त्याने दोन दिवस आधी शरणागती पत्करली असती तरी गड भोसल्यांचाच राहिला असता, असं कोणीही शहाणा सिद्ध करून दाखवील. ते गणित बरोबर आहे. पण तहाच्या बैठकीत बसलेल्या भोसल्यांच्या वकिलापाशी तेव्हा दुसरं काय शिल्लक होतं? कटक गेलं होतं, तोफा गेल्या होत्या, फौज मोडली होती. किंमत देऊनच घ्यावे लागणारे गड अजून आहेत, एवढी एकच गोष्ट भोसल्यांच्या बाजूला उरली होती आणि ती बेणीसिंगाने दाखवून दिली होती.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला याच अमरावती जिल्ह्यातल्या सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी तह केला. दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेचा दुआब कंपनीकडे गेला. दिल्लीची सत्ता वऱ्हाडातल्या एका कापूस पिकवणाऱ्या गावात सोडून दिली गेली, ही गोष्ट अंजनगावच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

तहातली सर्वांत शहाणी बाजू निजामाची ठरली. आपल्या फौजेपेक्षा मित्राच्या फौजेच्या जोरावर त्याला अख्खा प्रांत मिळाला. पुढे १८२२ मध्ये गाविलगड आणि नरनाळाही मिळाले. मग वऱ्हाडचा महसूल मक्त्याने देण्याची पद्धत चालू राहिली. जो जास्त बोली लावील त्याने परगणा घ्यायचा आणि रयतेकडून वसूल करायचा. हैदराबादचा सावकार पुरणमल याच्याकडे मोठा मुलूख गेला, मग तो काढून पेस्तनजींच्या पारशी पेढीकडे दिला गेला. याच पेस्तनजींनी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईला पाठवायला सुरुवात केली होती. प्रांत जिंकणारे, राखणारे आणि वसूल करणारे असे तीन वेगवेगळे लोक झाले, आणि चौथा तो पिकवणारा. पहिल्या तिघांच्या कागदांवर चौथ्याचं नाव कुठेच नव्हतं.

१८४१ मध्ये एका बंडखोराने जामोदच्या तटावर भोसल्यांचं निशाण लावलं. देवगावच्या तहाला अडतीस वर्षं झाली होती. नागपूरचे भोसले तेव्हा इंग्रजांच्या मुठीत होते. त्यांनी हे निशाण मागितलं नव्हतं आणि ते वाचवायला ते येणारही नव्हते. ब्रिगेडियर ट्वेमलोने येऊन ते उतरवलं. हा या लेखातला सर्वांत शुद्ध वेडा. त्याच्यामागे राजा नव्हता, खजिना नव्हता, तहनामा नव्हता. होता तो फक्त एक तट आणि एक कापड.

यानंतर शहाण्यांचं सुवर्णयुग सुरू होतं. निजामाच्या संरक्षणासाठी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. खर्च थकला, थकबाकीवर कर्ज चढलं, आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली झाला. लढाई झाली नाही. गोळी सुटली नाही. गहाण पडलेल्या बैलाला जसं कोणी विचारत नाही तसं वऱ्हाडला कोणी विचारलं नाही. १८५७-५८ मध्ये हीच कंटिन्जंट फौज ह्यू रोजबरोबर मध्य भारतात गेली आणि झाशीच्या वेढ्यात लढली. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून राणी लक्ष्मीबाईविरुद्ध लढणाऱ्या शिपायांचा पगार निघाला. शेतकऱ्याला हे ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांचे हिशेब चोख होते.

१८५८ मध्ये इंग्रजांनी गाविलगडाचे तट पाडले, तात्या टोपे येऊन त्याचा आसरा घेईल या भीतीने. पंचावन्न वर्षांपूर्वी जिंकलेल्या, शिबंदी नसलेल्या किल्ल्याची साम्राज्याला भीती वाटली. बेणीसिंगाच्या वेडेपणाची याहून मोठी पावती शोधून सापडणार नाही.

१८६० मध्ये निजामाला पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, रायचूर आणि धाराशिव परत मिळालं. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतला. सालारजंगसारख्या कर्तबगार दिवाणाने तो परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. ५ नोव्हेंबर १९०२ ला लॉर्ड कर्झनने निजामाकडून करार करून घेतला की वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपये भाड्याने कायमचा इंग्रजांकडे राहील. पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९२३ मध्ये निजाम उस्मान अलीने तो परत मागितला आणि १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने त्याला सार्वभौम कोण हे स्पष्ट शब्दांत कळवलं. १९३६ मध्ये तोड निघाली. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात युनियन जॅकच्या जोडीने निजामाचं निशाण लावायचं ठरलं. अमरावती ब्रिटिश हिंदुस्थानात आहे असं सगळे समजत होते. कायद्याच्या नजरेने ती निजामाची होती. १८९७ साली सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचं अधिवेशन अमरावतीला भरलं, तेही कागदोपत्री निजामाच्या मुलखात.

शहाण्यांची सर्वांत भक्कम बाजू इथे मांडली पाहिजे. इंग्रजी अमलात वऱ्हाडात जमिनीची मोजणी झाली, रयतेच्या नावावर शेतं लागली, मक्तेदारांचा जाच संपला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला, रेल्वे आली, खामगाव आणि अमरावतीचे बाजार वाढले. निजामाने वऱ्हाड परत मागितला तेव्हा वऱ्हाडी पुढारी त्याच्या विरोधात उभे राहिले, कारण परत जाण्यात त्यांना काही चांगलं दिसत नव्हतं. हे सगळं खरं आहे. एका मालकापेक्षा दुसरा मालक बरा असू शकतो. पण मालक निवडण्याची मुभा नसलेल्या माणसाने बरा मालक मिळाल्याचं समाधान मानणं, हीच ती जागा आहे जिथे शहाणपण संपतं. तिच्या पुढे जायला वेडाच लागतो.

वऱ्हाडात असे वेडे निघाले, आणि त्यांच्यातले काही जण परक्या सत्तेशी नाही तर घरातल्या सत्तेशी भिडले. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. त्या नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून आले आणि डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. प्रांतावर राज्य इंग्रजांचं, मालकी निजामाची आणि उंबरठा पंचांचा. तीन कुलपांतलं सर्वांत जवळचं कुलूप आधी उघडा म्हणणारे हे लोक होते. गाव एका परक्याच्या हातून सुटलं आणि गावातली अर्धी माणसं उंबऱ्याबाहेरच राहिली, तर त्याला मुक्ती म्हणता येणार नाही, हे त्यांनी स्वराज्याच्या वीस वर्षं आधी सांगितलं.

मग १९३०. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडला समुद्र नाही. शहाण्यांनी इथे हात जोडले असते, मीठ नाही तर मिठाचा सत्याग्रह कसा करणार? पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अकोल्याजवळच्या दहीहंड्याला पूर्वी अशा विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत आणि सरकारने ते बंद पाडलं होतं. एप्रिल १९३० मध्ये वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी आणि त्यांचे साथीदार दहीहंड्याला गेले आणि त्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडला. ज्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या शेती नासवली, बायकांच्या डोक्यावर कोस-कोस गोड्या पाण्याचे हंडे दिले, त्याच पाण्याने त्या दिवशी वऱ्हाडला दांडीच्या रांगेत बसवलं. वामनराव हे ‘रणदुंदुभि’ लिहिणारे नाटककार. रंगमंचावरचा आवेश खाली उतरवून खाऱ्या विहिरीपर्यंत नेणारे लेखक मराठीत थोडे झाले.

तीन महिन्यांनी, १० जुलैला, पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. गवत! त्याची बाजारात किंमत काय? पण ज्या रानात आजोबांची गुरं चरली तिथे चराईसाठी परवाना लागतो, ही गोष्ट शेतकऱ्याला व्हाइसरॉयच्या कुठल्याही भाषणापेक्षा लवकर कळते. एक विळा आणि मूठभर गवत एवढ्यावर वऱ्हाडच्या खेड्यांना राज्य कोणाचं हा प्रश्न समजला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये वेडेपणाला पूर आला. वर्धा नदीपलीकडे आष्टीला आणि दूर चिमूरला १६ ऑगस्टला लोकांनी सरकारचं राज्य झुगारलं. नदीच्या अलीकडे बेनोडा आणि यावली या गावांनी आपली माणसं गमावली. यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं जन्मगाव. खंजिरी वाजवून भजन करणाऱ्या माणसाला साम्राज्याने त्या वर्षी तुरुंगात टाकलं. आज गावाचं नाव ‘यावली शहीद’ असं लिहिलं जातं. जपान ब्रह्मदेशपर्यंत आलेला, जर्मनी स्टालिनग्राडच्या दिशेने निघालेला, जगाचा नकाशा सैन्यांच्या हालचालींनी भरलेला, आणि यावलीत लोक हातात काही नसताना सरकारसमोर उभे राहतात. त्यांना वऱ्हाडच्या भाडेकराराची कलमं माहीत नव्हती. त्यांना कोणी सांगितलं असतं की इंग्रज गेले तर कायद्याने तुम्ही निजामाचे होता, तरी ते थांबले नसते. गाव आपलं आहे एवढं त्यांना पुरेसं होतं.

आणि इतिहासाने शेवटी त्यांचंच ऐकलं. १५ ऑगस्ट १९४७ ला वऱ्हाड निजामाकडे परत गेला नाही. तो मध्य प्रांतासोबत स्वतंत्र भारतात राहिला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हैदराबादेत राहिला. वऱ्हाडच्या सीमेवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांची शिबिरं उभी राहिली, पलीकडून आलेल्या माणसांना इथल्या गावांनी आसरा दिला. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबादेत शिरलं आणि पाच दिवसांत निजाम शरण आला. १८०३ मध्ये ज्याला हा प्रांत बक्षीस मिळाला होता त्याच्या प्रजेला सोडवायला त्याच प्रांताने हात दिला. हे कोणत्याही तहनाम्यात लिहिलेलं नव्हतं.

तरी कागद संपले असं समजू नये. अचलपूर ते मूर्तिजापूर आणि पुढे यवतमाळ ही अरुंद रुळांची रेल्वे कापूस वाहण्यासाठी किलिक निक्सनच्या कारभाराखालच्या कंपनीने बांधली. स्वातंत्र्यानंतर देशभरच्या रेल्वे सरकारच्या झाल्या. हिच्या रुळांची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली, मग डिझेलवर, आणि आता बंद आहे. तिला वऱ्हाडी माणसाने ‘शकुंतला’ म्हटलं. मालकीचा एक रूळ नसताना तिच्यासाठी मोर्चे काढणारे, निवेदनं देणारे, ती पुन्हा धावलीच पाहिजे म्हणणारे लोक अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंज्यात आजही आहेत. तोट्याची गाडी मागणं हा शहाण्यांच्या लेखी मूर्खपणा आहे. तो चालू राहावा.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. २९ नोव्हेंबरला अडगावात आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर अकोला-अमरावतीच्या शाळांनी मुलं न्यावीत. त्यांना तिथे वेलस्लीबरोबर बेणीसिंगही सांगावा, त्या बायकांचं मरणही सांगावं, आणि दोन दिवसांनी झालेल्या तहाचा मजकूर वाचून दाखवावा. मग त्यांना दहीहंड्याला नेऊन विहिरीचं पाणी चाखायला लावावं. ही मुलं पुढे हिशेबात हुशार होणारच आहेत, कापसाचा भाव, कर्जाचा हप्ता आणि पुण्यातल्या नोकरीचं पॅकेज त्यांना आपोआप शिकवील. आपण शिकवायचं ते दुसरं: ज्या गावाचा, रानाचा, देवळाचा, रुळाचा कागद आपल्या नावावर नाही, त्याच्यासाठीही उभं राहायचं असतं. वऱ्हाड आज आपला आहे तो तसं वागलेल्या माणसांमुळे.